किल्लीत काय लिहिलंय?

माझ्या खुर्चीमागच्या भिंतीवर बँकेनं एक पाटी लावली आहे. ‘आपला पासवर्ड, पिन व ओटीपी कोणालाही सांगू नये.’ ‘कोणालाही’ या शब्दाखाली लाल रेघ आहे. पाटी बरोबर माझ्या डोक्यावर येत असल्यामुळे समोरून बघणाऱ्याला ती माझ्याच तोंडून निघाल्यासारखी वाटते. आणि खरं सांगायचं तर दिवसातून दहा वेळा ती माझ्या तोंडून निघतेही. एक पेन्शनर आजोबा आपला पिन मोठ्यानं म्हणत म्हणत दाबतात. त्यांना मी ओरडतो, ‘आजोबा, मनातल्या मनात!’ एक बाई पासबुकाच्या शेवटच्या पानावर पिन लिहून आणतात आणि ओळखू यावा म्हणून शेजारी ‘हा पिन आहे’ असंही लिहितात. त्यांना मी म्हणतो, ‘आधी खोडा बघू ते! घरात कोणाला सांगू नका. अगदी यजमानांनासुद्धा.’ यजमानांना सांगू नका म्हटलं की बायका फार खुशीनं मान डोलावतात. असा सल्ला त्यांना आयुष्यात दुसऱ्या कुठल्याही अधिकृत कचेरीतून मिळालेला नसतो.

पुढे वर्षा-दोन वर्षांनी यापैकीच कुणाचे तरी यजमान जातात. मृत्यूच्या दाखल्याच्या तीन झेरॉक्स घेऊन बाई माझ्यासमोर बसतात. ठेवी किती, कुठल्या बँकेत, पावत्या कुठे, काही पत्ता नसतो. सगळं ‘ह्यांच्या’ कॉम्प्युटरमध्ये आणि कॉम्प्युटर कुलपात. तेव्हा मी अत्यंत सहानुभूतीनं विचारतो, ‘तुम्हाला त्यांनी काहीच सांगून ठेवलं नव्हतं का हो?’ बाई एकदा माझ्याकडे बघतात, एकदा वरच्या पाटीकडे बघतात आणि काही बोलत नाहीत.

बी. कॉम.ला आम्हाला नीतिशास्त्र नव्हतं. ऑडिटिंग होतं, ते पुष्कळसं तेच काम करतं. तेव्हा मी जो प्रश्न पुढे मांडणार आहे तो तत्त्वज्ञानाच्या प्राध्यापकाला बाळबोध वाटेल. पण तो मला गेल्या पावसाळ्यापासून छळतो आहे. प्रश्न असा : किल्ली फिरवण्याचा ज्याला हक्क आहे, त्याला ती किल्ली वाचण्याचाही हक्क आहे का?

लोखंडी किल्लीच्या काळात हा प्रश्न कुणाला पडला नाही, कारण लोखंडी किल्लीवर वाचण्यासारखं काही नसतं. आमच्याकडे लॉकर असतात. मालक गेला आणि किल्ली सापडेना, तर त्याची पद्धत ठरलेली आहे. रिझर्व्ह बँकेनं ऑगस्ट २०२१ मध्ये लॉकरचे नियम नव्यानं काढले, ते १ जानेवारी २०२२ पासून लागू झाले. वारस येतात, साक्षीदार येतात, कुलूप फोडणारा येतो, आतल्या वस्तूंची यादी होते, सह्या होतात. या सगळ्या समारंभात किल्लीची कुणी चौकशी करत नाही. ती हरवली तर हरवली. तिनं मरताना कुणाचं नाव घेतलं नव्हतं.

पासवर्ड ही अशी किल्ली आहे की जी बोलते. माणसाला दोनच सूचना असतात : कुणाला कळू नये असा घ्या आणि आपल्याला विसरता येऊ नये असा घ्या. आता तुम्हीच सांगा, जे कुणाला कळू नये आणि जे आपण विसरू शकत नाही, अशी गोष्ट प्रपंची माणसाच्या आयुष्यात किती असतात? एखाद-दुसरी. ती नेमकी तिथे जाऊन बसते. कुलपाच्या आत वीज बिलं असतात आणि बाहेर, किल्लीवर, माणूस असतो.

आमच्या खालच्या मजल्यावरचे अण्णा सरकारी खात्यात मराठी टंकलेखक होते. बत्तीस वर्षं नोकरी केली आणि निवृत्तीनंतर कॉम्प्युटर घेतला, तोही मराठी टायपिंगसाठी. सोसायटीच्या सर्वसाधारण सभेचं इतिवृत्त ते असं सुंदर टाइप करायचे, की ते वाचून सभा फार गंभीरपणे झाली असावी असा समज व्हायचा. अण्णा गेले ते अचानक. तेराव्यानंतर काकूंनी मला हाक मारली. कॉम्प्युटर चालू होत होता, पण त्यातलं ‘महत्त्वाचे’ नावाचं एक गाठोडं उघडत नव्हतं. ठेवींची यादी, विम्याचे नंबर, कुणाला हातउसने किती दिले, सगळं त्यात असल्याचं अण्णा सांगायचे. गाठोडं म्हणजे रार जातीची आवळून बांधलेली फाइल. वर पासवर्ड.

‘तू बँकेत आहेस ना? मग उघड,’ काकू म्हणाल्या. बँकेतल्या माणसाला कुठलंही कुलूप उघडता येतं, अशी त्यांची समजूत आहे. उलट आमचं सगळं शिक्षण बंद करण्याचं असतं.

मग मी माझ्या भाच्याला बोलावलं. हा इंजिनिअर आहे. त्यानं ‘अभ्यासासाठी’ म्हणून माझ्या बहिणीकडून एक ग्राफिक्स कार्ड वसूल केलं होतं. त्यावर रात्री दोनपर्यंत गाड्यांच्या शर्यतींचा अभ्यास चालतो. पण त्याचं एक वागणं मला आवडलं. आल्या आल्या त्यानं पहिला प्रश्न विचारला, ‘मामा, फाइल कोणाची? आणि उघडा म्हणून कोण म्हणतंय?’ काकू म्हणाल्या, ‘फाइल त्यांची. म्हणतेय मी.’ मग तो कामाला लागला. माझ्याआधी हा प्रश्न त्याला सुचला, याचं मला कौतुकही वाटलं आणि आमच्या खात्याची थोडी काळजीही.

पासवर्ड शोधण्याच्या प्रोग्रामाचं नाव हॅशकॅट. डिसेंबर २०१५ मध्ये त्याचा सगळा आतला मजकूर जगासाठी खुला झाला. तो काय करतो ते भाच्यानं मला सांगितलं आणि मी ते बँकेच्या भाषेत करून घेतलं. पासवर्ड फाइलमध्ये लिहिलेला नसतोच. त्याचा लाडू वळलेला असतो. लाडवावरून पुन्हा बेसन वेगळं करता येत नाही. म्हणून हा प्रोग्राम समोर येईल त्या शब्दाचा लाडू वळून बघतो आणि मूळ लाडवाशी ताडून पाहतो. जुळला तर तोच शब्द. अण्णांच्या जातीच्या फायलीत हे पीठ बत्तीस हजारांहून अधिक वेळा घोटतात, म्हणजे चोरानं कंटाळावं. त्यासाठी ग्राफिक्स कार्ड. कॉम्प्युटरचा मुख्य मेंदू म्हणजे मॅनेजर : हुशार, पण एक. ग्राफिक्स कार्डात हजारो कारकून असतात. प्रत्येकाला एकच काम येतं, ते सगळे एकदम करतात आणि मधे चहाला उठत नाहीत. हे शेवटचं वाक्य भाच्यानं माझ्याकडे न बघता म्हटलं.

हॅशकॅटला शब्द मात्र आपण पुरवावे लागतात. भाच्यानं पहिल्यांदा इंग्रजी लिपीतले शब्द दिले : नावं, गावं, देव, आडनावं, आकडे. चार रात्री पंखा घरघरला. काही नाही. तेव्हा मला आठवलं, की ज्या माणसानं उभ्या आयुष्यात चेकवर इंग्रजीत सही केली नाही, तो कुलूप इंग्रजीत कशाला लावेल? मी म्हटलं, ‘अरे, शब्द मराठीत दे. देवनागरीत.’

आता मराठी शब्द कुठले द्यायचे? त्यासाठी काकूंना विचारलं. त्यांनी दोन दिवसांनी एक शंभर पानी वही आणून दिली. तिच्यातली सात-आठ पानं भरलेली होती. अण्णांच्या तोंडी असलेले शब्द. गावाकडच्या ओढ्याचं नाव, बैलाचं नाव, आईची हाक मारायची रीत, रागावले की म्हणायचे तो शब्द, जेवण आवडलं की म्हणायचे तो. कुणाकुणाची नावं. दोनशेवीस शब्द भरले. मी तेवीस वर्षं लोकांची खाती बघतो आहे, पण एका माणसाचा इतका चोख ताळेबंद माझ्या पाहण्यात नव्हता. त्यातल्या पाच-सहा शब्दांवर काट मारलेली होती. नुसती रेघ नव्हे, चांगली गिरवून गिरवून मारलेली काट. तरी खालचं अक्षर दिसत होतं. भाचा टाइप करता करता थांबला. ‘आजी, खोडलेले घ्यायचे का?’

काकू जरा वेळ गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, ‘घे.’

दोनशेवीस शब्द आणि प्रत्येकापुढे शून्य-शून्य-शून्य-शून्यपासून नऊ-नऊ-नऊ-नऊपर्यंतचे आकडे, म्हणजे बावीस लाख. चार रात्रींत जे झालं नाही ते चहाला उकळी येईपर्यंत झालं. पडद्यावर आलं, की सापडला! भाच्यानं उत्तराची फाइल उघडली आणि त्याचा चेहरा पडला.

फायलीत एक भली लांब ओळ होती. त्यानंतर विसर्गाची सावत्र बहीण, म्हणजे अपूर्णविराम. आणि त्यानंतर जिथे पासवर्ड असायला हवा तिथे एक डॉलरचं चिन्ह, ‘हेक्स’ हा शब्द आणि चौकटी कंसात आकड्यांची आणि इंग्रजी अक्षरांची खिचडी. भाच्यानं ते डॉलरसकट जसंच्या तसं गाठोड्याच्या कुलपात घातलं. कुलूप ढिम्म. ‘आउटपुट करप्ट झालंय,’ तो म्हणाला.

हे काकूंनी ऐकलं. ‘ह्यांनी बत्तीस वर्षांत एक फाइल करप्ट होऊ दिली नाही हो,’ त्या कळवळून म्हणाल्या. त्यांना समजावण्यात पंधरा मिनिटं गेली.

मग दुरुस्ती सुरू झाली. इंजिनिअर लोकांची दुरुस्तीची पद्धत आपल्या घरगुती वैद्यकासारखीच असते. आधी ताप बघतात. कार्ड तापलं असेल, तर हिशेब चुकत असेल. तपमान बघितलं, ठीक होतं. तसाही तो प्रोग्राम नव्वद अंशांवर आपण होऊन काम थांबवतो. आमच्या शाखेचा एसी मे महिन्यात बंद पडतो तेव्हा ही सोय मला फार मानवी वाटते. मग ड्रायव्हर बदलला. हा ड्रायव्हर म्हणजे कार्डाशी बोलणारा मध्यस्थ. तो बिघडला असता तर प्रोग्रामानं सुरुवातीच्या स्वतःच्या परीक्षेतच बोंब मारली असती. ती मारली नव्हती. मग भाच्यानं सगळं पुन्हा पहिल्यापासून चालवलं आणि या वेळी उत्तराची फाइल चक्क कोरी आली. ‘मगाशी कुजकं का होईना काहीतरी होतं, आता तेही नाही!’ तो डोकं धरून बसला.

कोरी यायचं कारण पुढे सापडलं. हॅशकॅटला एकदा सापडलेला शब्द तो एका वेगळ्या फायलीत साठवून ठेवतो. तिचं नाव पॉटफाइल. मडकं म्हणा. पुन्हा तेच विचारलं, की तो म्हणतो, हे मागंच मडक्यात टाकलंय, बघायचं तर तिथं बघा. आमच्या हेड क्लार्कना एकच गोष्ट दुसऱ्यांदा विचारली की तेही असंच म्हणतात.

आणि कुजक्या दिसणाऱ्या ओळीचं कारण तर त्याहून साधं होतं. मी ती ओळ कागदावर उतरवून घेतली आणि तांबडी पेन्सिल काढली. न जुळणारा ट्रायल बॅलन्स समोर आला की आधी काय पुन्हा पुन्हा येतंय ते बघायचं, ही आमची जुनी खोड. सहा-सहा अक्षरांवर खुणा केल्या, तर प्रत्येक गटाची सुरुवात तीच : ई, शून्य, ए, आणि मग चार किंवा पाच. असे गट मागोमाग. कुजलेली गोष्ट इतकी शिस्तीत कुजत नाही. मी भाच्याला म्हटलं, ‘अरे, हे बिघडलेलं नाही. हे मराठी आहे.’

त्यालाही मग उलगडलं. कॉम्प्युटर अक्षरं साठवत नाही, आकडे साठवतो. साध्या इंग्रजी अक्षराला एक खोली पुरते. देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन लागतात, आणि काना, वेलांटी, उकार यांनाही प्रत्येकी स्वतंत्र तीन. (एवढ्या प्रशस्त जागेत राहून मराठीची तक्रार मिटत नाही ती नाहीच.) या तीन खोल्यांपैकी पहिलीचा नंबर नेहमी ई-शून्य आणि दुसरीचा ए-चार किंवा ए-पाच. हॅशकॅटला या खोल्यांत कोण राहतं ते कळत नाही. ते मराठी आहे, तमिळ आहे की नुसता कचरा आहे, याचा अंदाज तो करत नाही. तो म्हणतो, मला जे सापडलं ते आकड्यांत कंसात घालून देतो, वाचणाऱ्यानं आपल्या लिपीत वाचावं. पासवर्डातच अपूर्णविराम असला तरी तो असंच करतो, कारण ओळ कुठे तोडायची याचा घोटाळा होऊ नये. आणि हे कंसात घालणं नको असेल तर तसं सांगायचीही सोय आहे.

आता खरी अडचण सुरू झाली. दुरुस्ती संपली होती. भाच्याचा हात कळफलकावर होता. एक कळ दाबली की कंस सुटून अण्णांचा शब्द पडद्यावर आला असता. आणि त्याच वेळी माझ्या लक्षात आलं, की शेवटच्या आठ अक्षरांत ई-शून्य नाही. तिथे तीन-एक, तीन-नऊ, तीन-आठ, तीन-तीन असं होतं. आकडे असे लिहिताना मागे फक्त एक तीन लागतो. ते तीन काढून टाकले की उरतं १९८३.

काकू आणि अण्णांचं लग्न १९८६ सालचं. सोसायटीच्या दर वर्धापनदिनाला अण्णा ते सांगायचे.

माणसाचं मन काय चीज आहे बघा. पूर्ण शब्द वाचायचा की नाही यावर मी तिथे तात्त्विक विचार करत उभा होतो आणि मनाच्या मागच्या दारानं चार आकड्यांवर एक आख्खी कादंबरी लिहून झालीसुद्धा होती. भाचा हळूच म्हणाला, ‘मामा, त्र्याऐंशी म्हणजे वर्ल्ड कप!’ बरोबर आहे. २५ जून १९८३, लॉर्ड्स, आपल्या १८३ धावा, त्रेचाळीस धावांनी वेस्ट इंडीज गारद. त्याच्या जन्माआधीची गोष्ट, पण पोराला तोंडपाठ. त्याच्या वयाला १९८३ म्हणजे कपिल देव. माझ्या वयाला ते म्हणजे लग्नाआधीची तीन वर्षं. चार आकडे तेच. मला वाटतं, पूर्ण वाचलेल्या गुपितापेक्षा अर्धवट वाचलेलं गुपित माणसाची जास्त बदनामी करतं.

या मुद्द्यावर नंतर आमच्या शाखेत चहाच्या वेळी खडाजंगी झाली. नावं न सांगता मी प्रश्न ठेवला होता. हेड कॅशिअर म्हणाले, ‘वाचायला पाहिजे होता. फोडलेल्या लॉकरची यादी नको का?’ मी म्हटलं, यादी आतल्या वस्तूंची, किल्लीची नव्हे. लोनवाल्या मॅडम म्हणाल्या, मेलेल्या माणसाला कसलं आलंय गुपित? हे पुष्कळांना पटलं. पण मला पटत नाही. मयताच्या सहीचा अजून आम्ही मान राखतो. ती कुणी मारली तर खोटी सही म्हणतो, ‘आता त्यांना काय फरक पडतो’ असं म्हणत नाही. मयताचं मृत्युपत्र त्याच्या शब्दाला धरून चालवतो. म्हणजे माणूस गेल्यावर त्याचा शब्द संपतो, असं निदान बँक मानत नाही. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहितीच्या कायद्यात तर आपल्यामागे आपले हक्क चालवायला माणूस नेमायची तरतूदच केली आहे. म्हणजे माहितीलाही नॉमिनी आला. पण नॉमिनी हा वस्तू सांभाळून हक्काच्या माणसाला पोचवणारा विश्वस्त, हे आम्ही ग्राहकांना रोज घसा फोडून सांगतो. पैशांच्या बाबतीत जो विश्वस्त, तो शब्दाच्या बाबतीत एकदम मालक कसा होईल?

आमच्या शिपायानं एक वेगळाच मुद्दा काढला. तो म्हणाला, ‘साहेब, आमच्या चाळीत पोस्टकार्ड आलं की पोचवणारा वाचूनच पोचवायचा. त्याला कुणी नावं ठेवत नव्हतं. पण आंतरदेशीय पत्र कुणी फोडत नव्हतं.’ मला हे फार आवडलं. पोस्टकार्ड आणि आंतरदेशीय पत्रात मजकूर तोच असायचा. फरक फक्त एका घडीचा. ती घडी म्हणजे पोलादी तिजोरी नव्हे, नखानं उघडेल. पण तिनं पोचवणाऱ्याला सभ्यपणानं वागायची संधी मिळायची. भाचा ज्याला करप्ट म्हणत होता तो कंस मला तशी घडी वाटली. शब्द आमच्या हातात होता आणि आम्ही तो वाचलेला नव्हता. यंत्रानं अजाणता एवढी सभ्यता दाखवली होती. पुढची आम्ही दाखवायची की नाही, एवढंच उरलं होतं.

जुन्या फायलींत हा पेच येत नसे म्हणतात. ऑफिस ९७ ते २००३ च्या जमान्यातली पुष्कळ कुलपं चाळीस बिटांची. त्यांच्या सगळ्या शक्य किल्ल्या मोजल्या तर एक लाख कोटींच्या आसपास. एवढ्या किल्ल्या आजचं कार्ड चाळून काढतं. शिवाय त्या फायलींना मूळ मालकाचा शब्द नसला तरी चालतो, भलताच एखादा निरर्थक शब्दही लागू पडतो. फाइल उघडते आणि माणूस बंदच राहतो. तंत्रज्ञांच्या दृष्टीनं ते कुलूप रद्दी. मला त्यात एक माणुसकी दिसते, पण हे मी भाच्याला बोललो नाही.

तर काय केलं ते सांगतो. मी भाच्याचा हात कळफलकावरून उचलला आणि काकूंना सांगितलं, शब्द सापडला आहे, पण तो आम्ही वाचलेला नाही. तुम्हाला वाचायचा असेल तर ही कळ दाबा, तो दिसेल. नुसती फाइल उघडायची असेल तर ती कळ, शब्द न दिसता टिंबांच्या रूपानं कुलपात जाईल आणि फाइल उघडेल. दोन्ही कळा भाच्यानं व्यवस्थित बांधून दिल्या होत्या. पोरगं हुशार आहे, गाड्यांच्या शर्यती खेळत असलं तरी.

काकूंनी विचारलं, ‘म्हणजे माझ्या वहीतलाच शब्द आहे ना?’

भाचा म्हणाला, ‘हो आजी. वहीत नसता तर सापडलाच नसता. यंत्र आपल्या मनानं काही शोधत नाही.’

हे वाक्य तो अगदी तांत्रिक अर्थानं बोलला. पण मी ते ऐकून थोडा दचकलो. हजारो कारकुनांचं ते कार्ड, तो पंखा, ते बावीस लाख लाडू, आणि शेवटी जे निघालं ते काकूंनी स्वतःच्या हातानं लिहिलेलं होतं. अण्णांनी सांगितलं नव्हतं, एवढंच. माहीत नव्हतं, असं नव्हे. बँकेच्या पाटीवर ‘सांगू नये’ असं आहे. समोरच्याला न सांगता कळू नये, यावर कुठल्याही बँकेनं अजून पाटी लावलेली नाही.

आम्ही दोघं खिडकीकडे तोंड करून उभे राहिलो, एटीएमच्या रांगेत उभं राहतात तसे. खाली कुणीतरी स्कूटर चालू करत होतं, ती होत नव्हती. मागे कळ दाबल्याचा आवाज आला. कुठली दाबली ते आवाजावरून कळत नाही. मग बराच वेळ काहीच नाही. स्कूटर चालू होऊन निघूनही गेली. मग काकू ‘हं’ म्हणाल्या. त्या ‘हं’चा मी पुष्कळ विचार केला आहे. त्यात राग नव्हता एवढं मी शपथेवर सांगू शकेन, बाकी काही नाही.

‘उघडलं रे,’ त्या म्हणाल्या.

गाठोड्यात ठेवींच्या सात पावत्यांचे नंबर होते, पैकी दोन आमच्याच शाखेच्या. एक ठेव दुसऱ्या बँकेतली, पार विसरलेली. दहा वर्षं कुणी न विचारलेल्या ठेवी रिझर्व्ह बँकेच्या निधीत जातात. अशा ठेवी शोधायला त्यांनी ऑगस्ट २०२३ मध्ये ‘उद्गम’ नावाचं पोर्टल काढलं आहे. तिथे ती सापडली. हक्क बुडत नाही, फक्त फॉर्म वाढतात. विमा होता. हातउसन्यांची यादी होती. तिच्यात माझ्या नावावर एकशेवीस रुपये होते, तारीखवार, सोसायटीच्या गणपतीच्या वेळचे. ते मी तिथल्या तिथे दिले.

निघताना काकूंनी भाच्याला विचारलं, ‘तुझ्या यंत्रात राहील का रे तो शब्द?’

तो खोटं बोलू शकला असता. ‘राहतो आजी. पॉटफाइलमध्ये. म्हणजे...’ तो मराठी शब्दासाठी माझ्याकडे बघू लागला.

‘मडक्यात,’ मी म्हटलं, आणि म्हटल्यावर मला वाटलं की दुसरा एखादा शब्द शोधायला हवा होता.

‘मग फोड ते,’ काकू म्हणाल्या.

त्यानं त्यांच्यादेखत फाइल पुसली, कचऱ्याच्या डब्यातूनही काढली, शब्दांची यादीही पुसली. वही काकूंनी आधीच उचलून घेतली होती.

घरी आल्यावर मी हे सगळं बायकोला सांगितलं. आकड्यांचंही सांगितलं, कारण आमच्या घरात पासवर्ड एकच आहे आणि तो तिनं ठेवलेला आहे. तिनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं, कुकरची शिट्टी मोजली आणि म्हणाली, ‘वर्ल्ड कप नाही. अण्णांना क्रिकेट अजिबात आवडत नव्हतं.’